गावी घर बांधायचे आहे, पण परवानगी नक्की कोणाची?

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांची परिस्थिती थोडक्यात अशी आहे. ते ठाण्यातून निवृत्त झाले आहेत आणि सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातील मूळ गावी घर बांधून राहण्याचा त्यांचा विचार आहे. गावठाणाच्या कडेला त्यांची सहा गुंठे वडिलोपार्जित जिराईत जमीन असून सातबाऱ्यावर त्यांच्यासह धाकटे बंधू आणि दोन बहिणी यांची नावे आहेत. याशिवाय गावठाणात आजोबांच्या पडलेल्या घराची सुमारे १४०० चौरस फूट जागा आहे. ग्रामपंचायतीत त्यांना सांगण्यात आले की, ठराव करून ना हरकत दाखला देतो, खुशाल बांधा. तलाठ्यांनी आधी एनए (जमीन अकृषिक, म्हणजे बिगरशेती) करून घ्या असे सांगितले, तर बँकेने मंजूर नकाशाशिवाय कर्जाचा अर्जही घेतला नाही. या तिघांपैकी खरे कोणाचे मानायचे, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी परवानाधारक स्थापत्य अभियंता असून गेली सत्तावीस वर्षे पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांमध्ये घरांचे नकाशे, परवानग्या आणि देखरेख हीच कामे करीत आलो आहे. माझ्या मते या प्रकरणात तलाठी आणि बँक आपापल्या जागी बरोबर आहेत. ग्रामपंचायतीचे म्हणणेही बरोबर ठरू शकते, मात्र ते सहा गुंठ्यांना लागू होत नाही, आजोबांच्या घराच्या जागेला लागू होते. आपण एकाच घराविषयी विचारत आहात, परंतु आपल्याकडे दोन जमिनी आहेत आणि त्या दोन वेगवेगळ्या कायद्यांखाली येतात. परवानगी कोणी द्यायची हे घराच्या आकारापेक्षा जमीन कोणत्या प्रकारची आहे यावर ठरते. म्हणून नकाशा काढून घेण्यापूर्वी जमिनीची ओळख पटवणे आवश्यक असते आणि बहुतेक जण नेमके याच ठिकाणी क्रम चुकवतात.

गावठाण म्हणजे घरांची वस्ती, असा आपला सर्वसाधारण समज असतो. महसुली अर्थाने मात्र गावठाण म्हणजे गाव नकाशावर आखलेली आणि जिल्हाधिकाऱ्यांनी निश्चित केलेली हद्द. गाव गेल्या पन्नास वर्षांत या रेषेच्या बाहेर वाढले आहे आणि त्यामुळे रोज दिवाबत्ती लागणारी, घरपट्टी भरणारी अनेक घरे कागदोपत्री शेतजमिनीवर उभी आहेत. शेजारच्याने तिथे घर बांधले म्हणजे ती जागा गावठाणात आहे, असे समजू नये. डोंगराळ भागातल्या वाड्या-वस्त्या तर पुष्कळदा गावठाणापासून बऱ्याच लांब असतात आणि कोकणात तर ही अडचण आणखी मोठी आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १८ मध्ये ही विभागणी स्पष्ट केलेली आहे. प्रादेशिक योजनेच्या (भागातील जमिनींचा वापर ठरवणाऱ्या सरकारी आराखड्याच्या) क्षेत्रात गावठाणातील बांधकामाची परवानगी ग्रामपंचायत देते आणि उरलेल्या क्षेत्रातील परवानगी जिल्हाधिकारी देतात. प्रत्यक्षात जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार खालच्या महसूल अधिकाऱ्यांकडे सोपवलेले असू शकतात आणि नकाशाची तांत्रिक छाननी नगररचना कार्यालयाकडून होते. जिथे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, उदाहरणार्थ पुण्याभोवतीच्या गावांमध्ये, तिथे अर्ज त्या प्राधिकरणाकडे करावा लागतो. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याच्या कलम ५२ मध्येही बांधकामाला ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी आवश्यक असल्याचे म्हटले आहे आणि त्याच्या आधारे काही ग्रामपंचायती गावठाणाबाहेरही दाखले देतात. परंतु गावठाणाबाहेर असा दाखला म्हणजे ग्रामपंचायतीची हरकत नाही एवढेच सांगणारा कागद असतो. त्याने शेतजमीन अकृषिक होत नाही आणि नकाशाही मंजूर होत नाही.

हे मी आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका कुटुंबाने अशाच ना हरकत दाखल्यावर गावठाणाबाहेर दुमजली घर बांधले. मी त्या कामात शेवटी, छताच्या वेळी आलो आणि मंजुरी झाली आहे या त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून पुढचे काम पाहिले. कागद मागून न पाहणे ही माझी चूक होती आणि ती मला आजही टोचते. पुढे शेजाऱ्याशी बांधावरून वाद झाला, तक्रार गेली आणि तहसील कार्यालयाकडून विनापरवाना अकृषिक वापराची नोटीस आली. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४५ खाली अशा वापरासाठी अकृषिक आकारणीच्या चाळीस पटीपर्यंत दंड होऊ शकतो. दंड त्यांनी भरला, परंतु मुलाच्या शिक्षणासाठी त्या घरावर कर्ज काढायची वेळ आली तेव्हा बँकेने ते घर तारण म्हणून स्वीकारले नाही. घर पक्के होते, बांधकामही चांगले होते, तरी कागदाअभावी त्याची बाजारातली किंमत जवळपास जमिनीइतकीच उरली. तेव्हापासून मी सातबारा, मोजणीचा नकाशा आणि मंजुरीचा आदेश स्वतः पाहिल्याशिवाय कोणाच्याही पायाची आखणी करीत नाही.

आता आपल्या सहा गुंठ्यांकडे येऊ. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे आपली जमीन ६५३४ चौरस फूट किंवा सुमारे ६०७ चौरस मीटर भरते. या जमिनीविषयी तीन गोष्टी आधी समजल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे तिचा भूधारणा प्रकार, म्हणजे ती कोणत्या हक्काने आपल्याकडे आहे ते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ असेल तर शासनाच्या वेगळ्या परवानगीचा प्रश्न सहसा येत नाही. वर्ग २ असेल, म्हणजे इनाम, वतन, कूळकायद्याने किंवा पुनर्वसनात मिळालेली जमीन असेल, तर आधी नजराणा (शासनाला भरायची रक्कम) आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी यांचा विचार करावा लागतो. कोयना धरणामुळे पाटण तालुक्यातील अनेक कुटुंबे विस्थापित झालेली आहेत, म्हणून त्या भागातली जमीन पाहताना हा रकाना मी नेहमी दोनदा वाचतो. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव किंवा न्यायालयातल्या दाव्याची नोंद आहे का, हेही पाहावे आणि ज्या फेरफार क्रमांकांवरून आपली नावे लागली ते सर्व फेरफार काढून घ्यावेत.

दुसरी गोष्ट म्हणजे गावठाणापासूनचे अंतर. २०१७ मध्ये जमीन महसूल अधिनियमात कलम ४२-ड घालण्यात आले. त्यानुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जी जमीन प्रादेशिक योजनेत विकासयोग्य विभागात दाखवलेली आहे, ती निवासी वापरासाठी अकृषिक झाली असे मानण्यात येते. अशा जमिनीला कलम ४४ खालची जुनी, लांबलचक एनए परवानगी वेगळी घ्यावी लागत नाही. रूपांतरण कर, अकृषिक आकारणी आणि लागू असल्यास नजराणा भरल्यावर तसा लेखी पुरावा मिळतो. तलाठ्यांनी (त्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे) आपल्याला एनए करा असे जे सांगितले, त्याचा आपल्या बाबतीतला अर्थ बहुधा हाच असावा. मात्र दोन बाबी नीट लक्षात घ्याव्यात. हे २०० मीटर नकाशावरील गावठाणाच्या हद्दीपासून मोजले जातात, शेवटच्या घरापासून नव्हेत. आणि जमीन अकृषिक मानली गेली तरी बांधकामाचा नकाशा मंजूर करून घ्यावाच लागतो. एनए झाले म्हणजे बांधकाम परवानगी मिळाली, हा गैरसमज सुशिक्षित माणसांमध्येही मला वारंवार आढळतो. महसूल विभाग या टप्प्यावरील कागद गेल्या काही वर्षांत सतत कमी करीत आहे, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी कोणता आदेश लागू आहे हे तहसील कार्यालयात विचारून घ्यावे आणि जुन्या अनुभवावर, माझ्यासुद्धा, पूर्ण विसंबून राहू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे झोन, म्हणजे प्रादेशिक योजनेत जमीन कोणत्या वापराच्या विभागात दाखवली आहे ते. नगररचना कार्यालयातून आपल्या गट क्रमांकाचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा. जमीन निवासी विभागात असेल तर मार्ग सरळ आहे. ती शेती विभागात असली तरी लगेच निराश होण्याचे कारण नाही, कारण राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, जी डिसेंबर २०२० पासून लागू आहे, प्रादेशिक योजनेतील गावठाणाभोवती गावाच्या लोकसंख्येनुसार ठरलेल्या पट्ट्यात अधिमूल्य भरून निवासी बांधकामाची सोय ठेवलेली आहे. वन, हरित किंवा डोंगरउताराच्या विभागात जमीन गेली असेल तर मात्र मी अशिलाला तिथे घराचा विचार सोडून देण्याचा सल्ला देतो.

आपल्याला गावात कोणीतरी शेतघर म्हणून बांधून टाका असेही सुचवले असेल, कारण हा सल्ला प्रत्येकाला मिळतोच. शेतघराची सवलत ही जमीन कसणाऱ्याच्या सोयीसाठी आहे आणि तिला किमान ०.४० हेक्टर, म्हणजे चाळीस गुंठे धारणेची अट आहे. सहा गुंठ्यांना ती मिळत नाही.

त्याचप्रमाणे २०२१ पासून ग्रामीण भागात एक वाक्य सर्वतोमुखी झाले आहे की १६०० चौरस फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही आणि ३२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायत दहा दिवसांत परवानगी देते. या वाक्यामागे खरी तरतूद आहे. परंतु ते आकडे भूखंडाच्या क्षेत्राचे आहेत, साधारण १५० आणि ३०० चौरस मीटरचे. आपण सहा गुंठ्यांच्या जमिनीत १५०० चौरस फुटांचे घर बांधणार म्हणून ही सवलत आपल्याला लागू होईल, असे नाही. शिवाय परवानगी लागत नाही याचा अर्थ कागद लागत नाहीत असाही होत नाही. मालकीचा पुरावा, जागेचा आणि इमारतीचा नकाशा, तो नियमानुसार असल्याचे परवानाधारक अभियंत्याचे किंवा वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र आणि आवश्यक शुल्क एवढे दाखल करून त्याची पोच घ्यावीच लागते. ती पोच हाच पुढे आपला परवाना असतो.

आणि म्हणूनच आपण ज्या जागेचा उल्लेख प्रश्नाच्या शेवटी एका वाक्यात करून सोडून दिला, त्या आजोबांच्या घराच्या जागेकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. १४०० चौरस फूट म्हणजे सुमारे १३० चौरस मीटर. ती गावठाणात आहे. म्हणजे ती अकृषिक करण्याचा प्रश्न नाही, परवानगी ग्रामपंचायतीच्या कक्षेत येते आणि क्षेत्र १५० चौरस मीटरच्या आत असल्यामुळे वर सांगितलेला सोपा मार्ग तिलाच लागू पडतो. पाणी, वीज, रस्ता आणि शेजार तिथे आधीपासून आहे. उतारवयात राहण्यासाठी घर बांधताना रात्री हाक मारली तर ऐकू जाईल असे माणूस जवळ असणे हे मी सोयींमध्ये फार वर धरतो. त्या जागेच्या अडचणीही आहेत. बोळ अरुंद असेल तर वाळू-खडीची गाडी आत येत नाही आणि मजुरी वाढते. दोन्ही बाजूंच्या भिंती सामायिक असतील तर पाया खणताना शेजाऱ्याच्या मातीच्या भिंतीला धोका असतो, तेव्हा टप्प्याटप्प्याने खणून लगेच भरून घ्यावे लागते. उजेड आणि वारा यांसाठी मध्ये छोटा चौक सोडावा लागतो. परंतु या सगळ्या अडचणी अभियंत्याला सोडवता येतात, तर जमिनीच्या दर्जाच्या अडचणी सोडवणे त्याच्या हाती नसते.

गावठाणातल्या जागेची खरी मेख मालकीच्या पुराव्यात असते. गावठाणाला सातबारा नसतो. पुष्कळ लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात आणि तो मालकीचा कागद समजतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, घरपट्टी कोणाकडून घ्यायची हे तो सांगतो. आणखी गोंधळ असा की महसूल खात्याचाही एक गाव नमुना ८-अ आहे, ज्यात एका खातेदाराच्या शेतजमिनी एकत्र दाखवलेल्या असतात. अर्जाच्या यादीत आठ-अ लिहिलेले पाहून माणसे ग्रामपंचायतीचा उतारा जोडतात आणि प्रकरण त्रुटीत निघते. जिथे नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झाले आहे तिथे मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळते. ज्या गावांत झालेले नव्हते तिथे २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका तयार करण्यात येत आहेत. आपल्या गावची मिळकत पत्रिका तयार झाली असेल तर त्यावर कोणाचे नाव लागले आहे हे प्रथम पाहा. घर पडलेले आणि वारस बाहेरगावी अशी स्थिती असेल तर नोंद अपुरी, चुकीची किंवा अजून आजोबांच्याच नावे राहिलेली असण्याची शक्यता मोठी असते आणि ती दुरुस्त करून घेण्यासाठी आपण जिवंतपणी, हातपाय चालते असताना गावी खेपा घातलेल्या बऱ्या.

जागा कोणतीही निवडली तरी भावंडांचा प्रश्न आधी सोडवावा लागेल. सहा गुंठ्यांची चौघांत वाटणी केली तर प्रत्येकी दीड गुंठा येतो आणि तुकडेबंदी कायद्याखाली ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही त्या क्षेत्रापेक्षा, तो फार लहान आहे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने हे क्षेत्र जिराईतासाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे केले. अलीकडे या कायद्यात सवलती देण्याचे निर्णय होत आहेत, त्यामुळे ताजी स्थिती दुय्यम निबंधक कार्यालयात विचारावी, पण घर बांधण्यासाठी वाटणीच्या मागे लागण्याची गरजच नाही. दोन मार्ग आहेत. बंधू आणि बहिणी राजीखुशीने तयार असतील तर त्यांनी आपल्या लाभात नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून द्यावे. वडिलोपार्जित मिळकतीत भावंडांनी असे पत्र करून दिल्यास मुद्रांक शुल्क नाममात्र असते. तसे नको असेल तर परवानगीचा अर्ज चौघांच्या नावे करावा आणि भावंडांनी आपल्याला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र द्यावे. मुद्रांकावर नोटरीसमोर केलेले संमतीपत्र कार्यालयात कदाचित चालेल, बँकेत चालत नाही आणि पुढच्या पिढीत तर अजिबात टिकत नाही.

येथे मी एक वैयक्तिक मत मांडतो. बहिणींचा हक्क ही केवळ सहीपुरती बाब समजून, राखीपौर्णिमेला घरी आल्या की कागद पुढे करायचा, अशी पद्धत मी अनेक घरांत पाहिली आहे. सही मिळते, पण घर कायमचे दुरावते. कायद्याने त्या समान हिस्सेदार आहेत. हक्कसोड मागायचे असेल तर त्या जागेचा आजचा भाव सांगून, त्याबदल्यात काय देणार हे स्पष्ट बोलून मागावे. माझ्या एका अशिलाने घराच्या नकाशातच बहिणींसाठी माहेरची खोली म्हणून एक खोली राखली आणि तसे लेखी करून दिले. त्या व्यवहारात एकही खेप वाया गेली नाही.

सहा गुंठ्यांच्या रस्त्याविषयी आपण फक्त आत जायला वाट आहे एवढेच लिहिले आहे. ही वाट कोणाच्या मालकीची आहे? परवानगी देणारा अधिकारी नकाशावर सार्वजनिक रस्त्यापासून आपल्या जमिनीपर्यंतचा पोहोच रस्ता शोधतो. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात, पण ती शेतीच्या वहिवाटीसाठी असते. घरासाठी मधल्या खातेदाराकडून नोंदणीकृत दस्ताने रस्त्याचा हक्क घेतलेला उत्तम. आज काका-पुतण्याचे नाते गोड आहे म्हणून हे पुढे ढकलू नये, कारण परवानगीच्या प्रकरणांत सर्वाधिक काळ मी याच एका मुद्द्यावर अडकलेला पाहिला आहे. जमीन राज्य मार्गाला किंवा जिल्हा मार्गाला लागून असेल तर इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा (रस्त्यापासून बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या रेषा) किती अंतरावर येतात हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडून लेखी घ्यावे. त्या रेषांत सहा गुंठ्यांतले दोन गुंठे सहज निघून जातात. शेतावरून वीजवाहिनी जात असेल तर ११ केव्हीपर्यंतच्या तारेपासून आडवे अंतर किमान १.२ मीटर ठेवावे लागते, परंतु मी शक्यतो खांब हलवण्याचा अर्ज आधी करायला सांगतो.

यानंतर मोजणी. भूमि अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून क प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) मिळाल्याशिवाय नकाशा काढून घेऊ नका. बांध सरकतात, आणि प्रामाणिकपणे सरकतात, कारण दरवर्षी नांगर फिरतो आणि पावसाने माती वाहते. सुरुवातीच्या काळात मी एका गटात बांधावरून फीत धरून मापे घेतली आणि नकाशा मंजुरीला दिला. नंतर सरकारी मोजणीत एका बाजूने चार फूट जागा कमी भरली. सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) बसेना, संपूर्ण आराखडा नव्याने करावा लागला आणि अशिलाचे तीन महिने गेले. आपल्या भागात भात उभे असताना मोजणी होत नाही. म्हणून अर्ज भाद्रपदाच्या सुमारास करावा, म्हणजे दिवाळीनंतर कापणी होताच तारीख मिळण्याची आशा असते. मोजणीच्या दिवशी लगतच्या सर्व खातेदारांना स्वतः जाऊन बोलवावे. नोटीस पोहोचली असली तरी माणूस समोर असला की पुढची हरकत टळते. खुणांच्या जागी त्याच दिवशी दगड किंवा सिमेंटचे खांब रोवून त्यांचे फोटो काढून ठेवावेत.

आपण पाटण तालुक्यातले असल्यामुळे एक विषय मला थोडा अधिक विस्ताराने मांडायचा आहे, कारण परवानगीच्या अर्जात तो एका ओळीत संपतो आणि प्रत्यक्षात तो जिवाशी संबंधित आहे. जुलै २०२१ मध्ये याच तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गेली. त्याच अतिवृष्टीत रायगड जिल्ह्यातील तळिये गेले, त्याआधी २०१४ मध्ये माळीण आणि नंतर २०२३ मध्ये इर्शाळवाडी. आपली जमीन उतारावर असेल तर उताराचे माप अभियंत्याकडून घ्या. नियमावलीत १:५ पेक्षा अधिक चढाच्या डोंगरउतारावर बांधकाम करता येत नाही आणि हा नियम कागदी अडथळा समजू नये. जागेच्या वरच्या बाजूला चालत जाऊन पाहावे. झाडांचे बुंधे एका बाजूला कललेले आहेत का, जमिनीला लांब भेगा आहेत का, पावसाळ्यात नवे झरे फुटतात का, हे गावातली गुरे राखणारी माणसे अचूक सांगतात. यंत्राने डोंगर कापून सपाटी करायची आणि निघालेली माती खालच्या बाजूला भरून त्यावर अर्धे घर आणायचे, हा प्रकार सध्या सर्रास चालतो. मी त्याला कधीही संमती देत नाही. पूर्ण पाया मूळच्या घट्ट जमिनीवरच हवा, वरच्या बाजूला पाणी वळवणारा चर हवा आणि आधारभिंतीत पाणी बाहेर पडण्यासाठी भोके हवीत, कारण भिंत मातीच्या वजनाने जितकी ढासळत नाही तितकी मागे साठलेल्या पाण्याने ढासळते.

भूकंपाचेही तसेच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली असेल. संरचना अभियंत्याची सही ही प्रकरण पूर्ण करण्यासाठी विकत घ्यायची वस्तू नाही. त्याच्याकडून पायापासून छतापर्यंतचे सळईचे तपशील लेखी घ्या. विटांच्या किंवा जांभ्याच्या भिंतींवर छत टाकणार असाल तर जोत्याच्या, दारा-खिडक्यांच्या लिंटेलच्या आणि छताच्या पातळीवर काँक्रीटचा अखंड पट्टा सर्व भिंतींवरून फिरलाच पाहिजे. खर्चात त्याने फारशी भर पडत नाही.

पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप अधिसूचनेत आपले गाव आहे म्हणून घर बांधता येणार नाही, अशी भीती काही जण घालतात. त्या प्रारूपातील बंदी वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांवर आहे. एका कुटुंबाच्या घराला तिचा अडसर नाही.

परवानगी हाती आल्यावर मंजुरीच्या आदेशातील अटी एकदा शांतपणे वाचाव्यात. परवानगी साधारण एका वर्षासाठी असते आणि वर्षावर्षाने मुदतवाढ घेऊन एकूण चार वर्षांपर्यंत चालते. जोत्यापर्यंत काम आले की तपासणी करून घ्यावी, कारण चूक तिथे सापडली तर दुरुस्त होते, भिंती उठल्यावर होत नाही. मंजूर नकाशात नसलेली बाल्कनी किंवा जिन्यावरची खोली मिस्त्रीच्या सूचनेवरून वाढवू नका. शोषखड्डा आपल्या आणि शेजाऱ्याच्याही विहिरीपासून दूर हवा. मी किमान पंधरा मीटर अंतर ठेवतो आणि मुरमाड जमिनीत त्याहून अधिक. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याचा दाखला) घ्यायला बहुतेक जण विसरतात, कारण तोपर्यंत वास्तुशांत होऊन गेलेली असते. ते घ्यावे आणि त्यानंतर ग्रामपंचायतीत घराची नोंद करावी.

पैशांविषयी इतकेच सांगतो की कोणत्याही शुल्काची पावती किंवा चलन मिळालेच पाहिजे. अर्ज पडून राहिला तर अर्जाची पोच हातात धरून लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ठरलेली मुदत विचारावी आणि आवश्यक तर अपील करावे. या मार्गाने दोन प्रकरणे मी स्वतः निकालात काढली आहेत आणि त्यात कोणाशीही भांडावे लागले नाही.

सर्व काही सुरळीत गेले तर गावठाणातल्या जागेचे कागद जुळवायला, वारस नोंदीसह, माझ्या अनुभवात दोन ते चार महिने लागतात. सहा गुंठ्यांचे प्रकरण मोजणीपासून मंजूर नकाशापर्यंत सहा ते दहा महिने चालते आणि रस्त्याचा वाद निघाला तर त्याला मुदत सांगता येत नाही. माझा सल्ला असा की आजोबांच्या जागेची मिळकत पत्रिका आणि सहा गुंठ्यांचा झोन दाखला हे दोन कागद या महिन्यात एकाच खेपेत काढून आणा. मिळकत पत्रिकेवर आपल्या कुटुंबाचे नाव स्वच्छ असेल तर घर गावठाणात बांधा आणि सहा गुंठ्यांत आंबा, फणस लावा. नाव नसेल आणि गट निवासी विभागात २०० मीटरच्या आत असेल तर मोजणीचा अर्ज भरा. या दोन कागदांवरचा मजकूर, सातबाऱ्यावरील भूधारणा प्रकार आणि डांबरी रस्त्यापासून जमिनीपर्यंतची वाट कोणाच्या गटातून जाते, एवढे कळवलेत तर पुढच्या अर्जात नेमके काय लिहायचे ते मी सांगू शकेन.